तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

माझं हाड मोडलं तेव्हा भेटायला आलेल्यांनी मला तीन वाक्यं ऐकवली. वयच झालंय. देवाची इच्छा. आणि आमच्या अत्तैचंही, म्हणजे आत्याचंही, असंच झालं होतं, ती त्यातच गेली. मग काफी पिऊन घरी गेले. काफी वन्संना करावी लागली, कारण मला उठता येत नव्हतं.

हे त्यांच्यासाठी लिहीत नाही. एखाद्या बाईला डॉक्टर हाडांच्या गोळ्यांची पट्टी देतात आणि ती कशी घ्यायची ते तिच्या मुलाला सांगतात. त्या बाईसाठी लिहिते आहे. तिला धीर द्यायला माझ्याकडे काही नाही. माझी चूक काय झाली तेवढं सांगते.

मी तंजावरची. आमची मराठी बोलण्यात टिकली, लिहिण्यात फारशी नाही. शाळा पाचवीपर्यंत. देवनागरी वडिलांनी घरी शिकवली, छडी घेऊन. पुण्याच्या भाचीने हे वाचून थोडं नीट केलं, काही तमिळ शब्द काढले. काही मी काढू दिले नाहीत. "मावशी, फार कडू झालंय," म्हणाली. मी म्हटलं, औषधावर लिहायला सांगितलंस ना?

काय फोडलंस?

पोंगल होऊन आठवडा झाला असेल. न्हाणीघरात मी पितळी अंडा भिंतीकडे सरकवत होते. अंडा म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, सासूबाईंच्या लग्नातलं. तो भरलेला होता. रिकामा करून सरकवावा एवढी अक्कल असायला हवी होती. पाठीत अप्पळम, म्हणजे पापड, मोडल्यासारखा आवाज आला आणि मी होते तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"पद्मा, काय फोडलंस?" वन्सं आतून ओरडल्या.

"पाठ."

"अंड्याला काही झालं का?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, त्या आजतागायत याच घरात. त्यांची पाठ पंचवीस वर्षांपासून वाकत गेली आणि आता त्या चालतात तेव्हा त्यांना फक्त जमीन दिसते. समोरच्याचं तोंड बघायचं तर कोंबडीसारखी मान वाकडी करावी लागते. आमचं चाळीस वर्षांत पटलं नाही. मी लग्न होऊन आले आणि या घरातलं सोवळं गेलं, असं त्यांचं मत. माझं त्यांच्याबद्दलचं मत मी नवऱ्याला सांगत असे. ते गेले, मग सांगायला कोणी उरलं नाही.

त्या दिवशी ओल्या फरशीवर बसून मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. तोवर ती वन्संची पाठ होती. त्या दिवशी कळलं की ती माझीही होऊ शकते.

हाडं कोणाची?

मुलगा रघू मद्रासहून आला. सरकारने गावाचं नाव चेन्नई केलं तरी माझ्या तोंडात मद्रासच येतं. बँकेतली नोकरी सोडून तो कुठल्याशा परदेशी कंपनीत लागला होता आणि तेव्हापासून त्याला कशालाच वेळ नव्हता.

त्याने मला हाडांच्या एका नव्या दवाखान्यात नेलं. बाहेर आम्ही बाकावर दोन तास बसलो. टाय लावलेले औषध कंपन्यांचे लोक चामड्याच्या बॅगा घेऊन आमच्या आधी आत जात होते आणि हसत बाहेर येत होते. दुखणारे बाहेर, विकणारे आत.

डॉक्टरने फोटो उजेडावर धरला आणि रघूशी इंग्रजीत बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मी तमिळमध्ये म्हटलं, "हाडं माझी आहेत. माझ्याशी बोला."

"पाटी, घाबरू नका." पाटी म्हणजे आजी. मला आजी म्हणणारं कोणी नाही, रघूला मूल नाही. "मणक्याचं एक हाड दबलंय. हाडं आतून पोकळ होत चालली आहेत. घरात कोणाची पाठ वाकलीय का?"

"आहे. पण ती नणंद आहे. तिची हाडं मला कशी येतील?"

तो हसला नाही. म्हणाला, "आता चांगली गोळी आली आहे. पूर्वी बाहेरून मागवावी लागे, आता इथे मिळते." परत रघूकडे वळला. परत इंग्रजी. गोळ्यांच्या खोक्यात एक घडी केलेला कागद होता, उघडला तर वर्तमानपत्राएवढा. तोही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

घरी येताना ऑटोत रघू म्हणाला, "आई, एक सांगतो, रागावू नकोस."

असं सांगून जे येतं त्यावर रागवावंच लागतं.

"श्रावणात अप्पांचं श्राद्ध आहे. तोवर तू आपली आपण उठायला बसायला लागलीस, स्वयंपाकाला उभी राहिलीस, तर ठीक. नाहीतर घराला कुलूप घालू. तू माझ्याकडे ये."

"आणि वन्सं?"

"आत्यासाठी कुंभकोणमला एक आश्रम बघून ठेवलाय. चांगला आहे. सकाळ संध्याकाळ भजन असतं."

बघून ठेवलाय. म्हणजे माझी पाठ मोडायच्या आधीच.

मद्रासला त्याच्याकडे मी एकदा दोन महिने राहिले आहे. तिसरा मजला. तो आणि सून आठला निघत, रात्री येत. दारं सगळी बंद. बसायला तिण्णै, म्हणजे दारापुढचा ओटा, नाही, दारासमोरून भाजीवाली जात नाही. दोन महिने मी टीव्हीसमोर बसून होते आणि मला न विचारता कोणीतरी आणलेली वांगी खात होते. जेलमध्येही लोकांना काम देतात.

तर माझ्या आजारपणात पणाला काय लागलं होतं, ते एवढंच. माझं घर. मला श्रावणापर्यंत उभं राहायचं होतं. गोळीवर माझा विश्वास बसला तो या कारणाने.

पळीभर तीर्थ

गोळी रोज एक. रघूने मद्रासहून फोनवर विचारलं, "घेतेस ना? रिकाम्या पोटी घ्यायची. त्यानंतर अर्धा तास काफी नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं. पण त्याला जेवढं आठवलं तेवढं त्याने सांगितलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. सासूबाईंपासून चालत आलेली. औषध कुठलंही असो, काढा असो की डॉक्टरची गोळी, आधी देवापुढे ठेवायचं. मग पळीभर तीर्थाबरोबर घ्यायचं. मग नमस्कार. पूजेच्या आधी तांब्याभर पाणी ढोसायचं नाही. या रीतीने माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर गोळ्या घेतल्या आणि त्यांना काही झालं नाही, म्हणून मलाही होणार नाही असं मी धरून चालले.

पहाटे न्हाऊन मी देवापुढे बसत असे. गोळी जिभेवर. वन्सं तळहातावर पळीभर तीर्थ सोडत. गोळी खरखरीत, ती घशात उतरली की नाही हे कळेपर्यंत तीर्थ संपलेलं असे. मग नमस्कार. पाठ मोडल्यापासून मला वाकता येत नव्हतं, म्हणून चटईवर कुशीवर आडवी होऊन हात जोडत असे. आणि तशीच पडून राहत असे, कारण उठवायला वन्सं लागत आणि त्या तोवर जपाला बसलेल्या असत. जपात त्यांना हाक मारलेली चालत नाही. माझी पाठ मोडली त्या दिवशी त्यांनी जप सोडला, ते मला ऐकवून झालं होतं.

मला वाटे, मी डॉक्टरने सांगितलं त्याहून जास्त नेमाने करते आहे. रिकाम्या पोटी काय, न्हाऊन, सोवळ्यात, देवासमोर! मनात थोडा ताठाही होता. फुकटचा ताठा सगळ्यात महाग पडतो.

कावळ्यांची चैन

महिन्याभराने छातीच्या मधोमध जळायला लागलं. आधी गिळताना, मग नुसतं बसलं तरी. पहिल्यांदा वाटलं लोणचं. लोणचं सोडलं. मग वाटलं चिंच. चिंच सोडली. तंजावरात चिंच सोडणं म्हणजे जेवणच सोडणं. शेवटी दहीभातसुद्धा काचेच्या तुकड्यांसारखा उतरायला लागला.

मी कोणाला सांगितलं नाही. फोनवर रघू विचारी, "कशी आहेस?" मी म्हणे, "उभी आहे." दर रविवारी तेच. सांगितलं असतं तर तो शनिवारीच कुलूप घेऊन आला असता.

गोळी मात्र चालू होती. तिच्यानेच उभी राहणार ना मी! पहाटे गोळी, दिवसभर जळजळ, आणि ताटातला भात गुपचूप मागच्या अंगणात.

एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "कावळ्यांची चैन चाललीय."

"म्हणजे?"

"भात टाकतेस तो मला दिसतो. मला जमीनच दिसते."

"भूक नाही."

"भूक नाही तर कमी वाढून घे. पितरांनासुद्धा एवढं घालत नाहीत."

त्यानंतर चारच दिवस गेले असतील. सकाळी तोंड धुताना मला उलटी झाली आणि ती काळी होती, काफीच्या चोथ्यासारखी. वन्संनी ती बघितली आणि तिण्णैवर जाऊन शेजारच्या स्टेला टीचरला हाका मारायला लागल्या. स्टेला ख्रिश्चन, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. वन्सं तिच्याशी बोलत नसत. त्या दिवशी मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या. स्टेलाने शाळा बुडवली आणि ऑटोत माझ्याशेजारी बसून मला मोठ्या इस्पितळात नेलं.

दाखवा कशी घेता

वॉर्डात पहाटे पाचला झाडू. त्या झाडूचा आवाज माझ्या अजून कानात आहे. सहाला ताप बघायचा, ताप असो नसो. सातला काफी येई, मला सोडून सगळ्यांना. दहाला डॉक्टर येत आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहून एकमेकांशी बोलत. केरळची एक नर्स होती, ती सुई टोचताना दुखणार नाही म्हणे. दर वेळी दुखे, दर वेळी ती तेच म्हणे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "दुखणार आहे असं म्हण आणि टोच." तेव्हापासून ती तसं म्हणायला लागली आणि आमचं जमलं.

शेजारच्या खाटेवर पापनाशमची एक म्हातारी, खुब्याचं हाड मोडलेली. दोन मुलं. थोरला येऊन म्हणे, धाकटा नेईल. धाकटा येऊन म्हणे, थोरला नेईल. दोघेही केळी आणत. तिच्या खाटेखाली केळी सडत होती. मी तिच्याकडे फार बघत नसे.

घशातून नळी घालून पोटात कॅमेरा सोडला. ते कसं असतं ते लिहीत नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना कळेल, बाकीच्यांनी कशाला वाचायचं?

नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. एकटी आली, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी न राहता स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर बसली. पहिला प्रश्न मला विचारला.

"मामी, अन्ननलिकेत मोठा व्रण आहे. हाडांची गोळी घेता ना? कशी घेता?"

"रिकाम्या पोटी."

"तसं नाही. दाखवा."

मी उजवा हात पुढे केला, तळव्याची खोलगट वाटी केली, डाव्या हाताने पळी सोडल्यासारखं केलं आणि तोंडाला लावलं.

ती माझ्या तळहाताकडे बघत राहिली. "एवढंच पाणी?"

"तीर्थ किती देतात?"

"आणि मग?"

"मग नमस्कार. आडवी होऊन."

तिने उठून माझा स्टीलचा टंबलर घेतला, पाण्याच्या कूजातून काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर ठेवला. "एवढं साधं पाणी, मामी. सगळं प्यायचं. मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं नाहीतर चालायचं. ही गोळी पोटात गेली तर औषध. नळीत अडकून बसली तर नळी जाळते. हे तुम्हाला सांगितलं नाही?"

"मुलाला सांगितलं असेल."

"गोळी कोण घेतं?"

"मी."

तिने कागदावर असं जोरात लिहिलं की पेनाचं टोक आरपार गेलं. मला ती बाई आवडली.

दोष तिने डॉक्टरला दिला, मी मुलाला दिला, आणि रघू आल्यावर त्याने तीर्थाला दिला. पण विचारायला तोंड मला होतं. इतर वेळी एवढं चालतं, तिथे चाललं नाही. खोक्यातला कागद स्टेलाकडून वाचून घेतला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. भिंतीपलीकडे इंग्रजी येणारी बाई राहते आणि मी देवापुढे हात पसरून बसले होते.

पापनाशमच्या म्हातारीचा विनोद

गोळी बंद झाली. व्रण भरायला वेगळं औषध दिलं. पण हाडांचं काय? डॉक्टरीण म्हणाली, नाकात मारायचा एक फवारा आहे. रोज एकदा, आज एक नाकपुडी, उद्या दुसरी. त्याने हाडं लोखंडाची होणार नाहीत, पण पाठीची कळ कमी होईल आणि हाडांना थोडी मदत होईल. बाकी चालणं, ऊन, कॅल्शियम, आणि पाटावरून हात न टेकता उठायचा व्यायाम.

"एक गोष्ट आधीच सांगते," ती म्हणाली. "मागाहून कळलं तर तुम्ही मला शिव्या घालाल. हे औषध मूळचं माशाचं. थंड समुद्रातला एक मासा असतो, त्याच्या अंगात ते तयार होतं. आता कारखान्यात बनवतात, पण नक्कल माशाचीच."

माझ्या घरात कांदासुद्धा चतुर्मासात येत नाही.

शेजारच्या खाटेवरून पापनाशमची म्हातारी म्हणाली, "बघा मामी. लहानपणापासून मासा खाल्ला असतात तर हाड मोडलंच नसतं!"

"तू खाल्लास ना? मग तुझं कशाने मोडलं?"

ती हसायला लागली. मीही. तिचा खुबा आणि माझी पाठ, दोघी कळवळत हसत होतो, आणि नर्स धावत आली की काय झालं.

मला दुसऱ्या दिवशी सोडलं. रघूने श्रावणाची मुदत तशीच ठेवली. म्हातारीला न्यायला कोण आलं ते मला माहीत नाही. वॉर्डातून निघताना मी डॉक्टरिणीला म्हटलं, "फवारा लिहून द्या." नाकात मासा गेल्याचं पाप कोणाचं, याचा विचार मी रात्रभर केला होता. ज्याने माझी हाडं अशी कच्ची घडवली त्याचं, असं ठरवलं.

माशाशेजारी मासा

बाटली थंडीत ठेवायची होती. आमच्याकडे फ्रिज नाही. गल्लीत फ्रिज दोघांकडे, एक समोरच्या अय्यरांकडे. तिथे ठेवली असती तर औषध कशाचं हे संध्याकाळपर्यंत देवळात कळलं असतं. दुसरा स्टेलाकडे.

तिने फ्रिज उघडून दाखवला. "मामी, आत वंजरम आहे. चालेल ना?" वंजरम म्हणजे मासा, कापून ताटलीत ठेवलेला.

"बाटलीला विचार. तिचे नातेवाईक आहेत."

स्टेला इतकी हसली की फ्रिजचं दार उघडंच राहिलं.

रोज संध्याकाळी स्टेला शाळेतून आली की मी काठी टेकत शेजारी जात असे. फवारा मारायचा, मग तिच्या बुटक्या स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. ती मोजायला बसे आणि मी आठव्याला दहा म्हटलं तर शाळेतल्या मुलींना ओरडते तशी ओरडे. पहिल्या दिवशी मी मुद्दाम बाटलीचा वास घेतला. माशाचा वास नव्हता. घशात थोडं कडवट उतरलं, तेवढंच. आषाढापर्यंत पाठीची कळ निम्म्यावर आली. व्रणही भरला. मी दहीभात खायला लागले आणि कावळ्यांचे वाईट दिवस आले.

वन्संना मी सांगितलं होतं की सर्दीचं औषध आहे.

"उन्हाळ्यात सर्दी?" त्यांनी एकदा विचारलं.

"डॉक्टर म्हणतात तसं करायचं."

"डॉक्टर म्हणाले तसं केलं असतं तर एवढं झालं नसतं," म्हणाल्या आणि माळ ओढत बसल्या. पळीत तीर्थ त्यांनीच ओतलं होतं, ते कधी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आमच्यात जे बोललं जात नाही तेवढंच बरं असतं.

श्राद्धाचा दिवस

रघू आणि सून आदल्या संध्याकाळी आले. त्याने बॅग उघडली तेव्हा कपड्यांवर एक कागद होता, वर आश्रमाचं नाव आणि नावगाव भरायला रिकाम्या जागा. त्याने तो पटकन शर्टाखाली सरकवला. मी बघितलं हे त्याने बघितलं.

पहाटे न्हाऊन, सोवळं नेसून मी शेगडीपाशी उभी राहिले. श्राद्धाचा स्वयंपाक संपेपर्यंत कोणाला शिवायचं नाही. सोवळं मोडलं की परत न्हाऊन सगळं पहिल्यापासून. फवारा संध्याकाळी घ्यायचा, पण आदल्या दिवशी या दोघांच्या येण्याने चुकला होता. डॉक्टरिणीने बजावलं होतं, खाडा करू नका. आता सोवळ्यात स्टेलाकडे जाता येत नाही आणि तिच्या फ्रिजमधली बाटली हातात धरता येत नाही. म्हटलं, दोन दिवस वाया गेले.

आमटी झाली, वडे झाले, खिरीचं दूध आटत होतं. नऊ वाजेपर्यंत पाठ बोलायला लागली. रघू दारात उभा. शिवता येत नाही म्हणून आत येत नव्हता, पण हलतही नव्हता.

"आई, खुर्ची आणू?"

"तुझ्या बायकोला दे."

"दमलीस तर सांग."

"दमले असते तर तुझ्या आधी मला कळलं असतं."

तेवढ्यात मागच्या दारातून वन्सं आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली माझी बाटली. पन्नास वर्षांत वन्सं त्या शेजारच्या घराची पायरी चढल्या नव्हत्या, तिथे राहणारे तीनदा बदलले तरी.

"वन्सं, तुम्ही स्टेलाकडे गेलात?"

"मग काय बाटली चालत आली?"

"ते औषध…" मी रघूकडे बघितलं. "वन्सं, ते सर्दीचं नाही."

"माशाचं आहे. वैशाखातच स्टेलाला विचारलं मी."

"मग इतके महिने बोलला नाहीत?"

"बोलले असते तर घ्यायची थांबली असतीस?"

"नाही."

"मग शब्द कशाला फुकट घालवू? माझं सोवळं आज गेलं. मी न शिवता मारते, तुझं राहील. बस खाली, तुझं नाक मला दिसत नाही."

खरंच होतं. त्या कमरेतून वाकलेल्या, मी उभी. त्यांचा हात माझ्या छातीपर्यंतही पोचत नव्हता. मी जमिनीवरच्या पाटावर बसले. पाट चार बोटं उंच. तेव्हा आमची तोंडं समोरासमोर आली. चाळीस वर्षांत त्यांचं तोंड मी इतक्या जवळून सरळ बघितलं नव्हतं. डोळे घारे आहेत त्यांचे.

"कुठली बाजू?"

"डावी."

त्यांनी फवारा मारला. थोडा नाकात गेला, बराचसा गालावर.

"पन्नास वर्षं सोवळं पाळून शेवटी हे काम," त्या पुटपुटल्या.

मग उठायचं होतं. मी हात पुढे बांधून घेतले, टेकावेसे वाटू नयेत म्हणून. स्टेलाच्या स्टुलापेक्षा पाट बराच खाली. मांड्या थरथरल्या. अर्ध्यावर मी थांबले आणि क्षणभर वाटलं की आता खाली. रघू दारातून पुढे झाला.

"शिवू नकोस!" वन्सं आणि मी दोघी एकदम ओरडलो.

तो जागीच थांबला. मी उभी राहिले.

"आई, तू उठलीस," तो म्हणाला.

"बसून राहिले असते तर खीर कोणी ढवळली असती? सरक, उजेड अडवतोस."

ब्राह्मण जेवले, पिंड झाले, कावळाही लगेच शिवला. कावळ्यांशी माझी जुनी ओळख होती. वन्सं परत न्हाल्या आणि उशिरा जेवल्या, आणि वडे कच्चे राहिलेत असं म्हणाल्या. राहिले नव्हते.

रघू दुसऱ्या दिवशी फक्त बायकोला घेऊन परत गेला. जाताना आश्रमाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. अर्ज त्याच्या बॅगेतून मी आधीच काढून घेतला होता.

माझी पाठ दोन बोटं खाली गेली ती गेलीच. फवारा पुढे थांबला, आता डॉक्टरीण दुसरं काहीतरी देते. प्रत्येक नवीन औषधाला मी तिला तीन गोष्टी विचारते: कशाबरोबर, किती पाण्यात, आणि नंतर काय करायचं नाही. ती सांगते, मी तिच्यासमोर करून दाखवते, मगच उठते. मागे रांगेतले लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. तुम्हालाही हेच सांगते. मुलाला बाहेर बसवा आणि स्वतः विचारा. गोळी तुमच्या घशातून जाणार आहे.

देवापुढे औषध मी अजून ठेवते. मग पळी बाजूला करते आणि टंबलरभर पाणी पिते, वन्संच्या समोर, आवाज करत.

आश्रमाचा अर्ज तळलेल्या अप्पळमच्या डब्यात तळाला घातलाय. कागद जाड आहे, तेल चांगलं शोषतो.